लहान मुलाच्या घरासाठी कुत्रा निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एक ते आठ वर्षांचे मूल आहे आणि कुत्रा पाळण्याचा विचार जवळजवळ पक्का झाला आहे, अशा पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती लिहिताना डोळ्यांसमोर महाराष्ट्रातील शहरी किंवा निमशहरी घर आहे: दोन-तीन खोल्यांचा फ्लॅट, नोकरी करणारे आईवडील, बऱ्याचदा सोबत राहणारे आजी-आजोबा आणि इमारतीखाली भटक्या कुत्र्यांचा वावर असलेला रस्ता. शेतावरच्या किंवा मोठे अंगण असलेल्या घराला यातील काही मुद्दे लागू होणार नाहीत. मुलाच्या सुरक्षिततेचे मुद्दे मात्र सगळीकडे सारखेच लागू आहेत.

मूल किती वर्षांचे झाल्यावर कुत्रा आणावा?

घाई नसेल तर मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे. या वयाच्या आधी मूल प्रेमळ असले तरी त्याच्या हातापायांवर त्याचा पुरता ताबा नसतो. ते शेपूट ओढते, कानात बोट घालते, झोपलेल्या कुत्र्यावर तोल जाऊन पडते, आणि "हात लावू नकोस" हा नियम मोठी माणसे समोर असेपर्यंतच त्याच्या लक्षात राहतो. त्यात अशा मुलाचा चेहरा नेमका कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांमध्ये चेहरा, डोके आणि मान यांच्यावरील जखमांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असण्याचे हे मुख्य कारण आहे.

मूल तीन वर्षांचे असताना कुत्रा आणूच नये, असा याचा अर्थ नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या घरी कुत्रा आणायचा तर पूर्ण वेळ लक्ष ठेवणारे कोणीतरी घरात हवे आणि कुत्र्याची निवड अधिक कठोरपणे व्हायला हवी. बाळ पोटात आहे किंवा वर्षाच्या आतले आहे, अशा काळात मात्र नवे पिल्लू आणू नये. रात्री दोनदा बाळासाठी आणि दोनदा पिल्लासाठी उठणाऱ्या आईला दोघांपैकी कोणाकडेही नीट पाहता येत नाही. कुत्रा आधीपासून घरात असेल आणि बाळ नंतर येणार असेल तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा कुत्र्याला घरातून काढण्याची गरज नसते, पण त्याची झोपण्याची जागा, फिरण्याच्या वेळा आणि खोल्यांमध्ये जाण्याची मुभा यांत जे बदल करायचे ते बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधीच करून ठेवावेत.

आपले घर तयार आहे की नाही, हे कसे ठरवावे?

जुलैच्या पावसात सकाळी सहा वाजता कुत्र्याला खाली कोण नेणार, या प्रश्नाचे उत्तर म्हणून एका प्रौढ व्यक्तीचे नाव घेता आले पाहिजे. "आम्ही सगळे मिळून करू" या उत्तरावर कुत्रा आणू नये. मोठ्या कुत्र्याला दिवसातून किमान दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास फिरवावे लागते. पिल्लाला सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी शू-शीसाठी न्यावे लागते. आईवडील दोघेही सकाळी नऊ ते रात्री आठ घराबाहेर आणि मूल पाळणाघरात, अशी दिनचर्या असेल तर कुत्रा दिवसभर एकटा पडतो. असा कुत्रा भुंकतो, कुरतडतो आणि संध्याकाळी मूल घरी आल्यावर त्याच्या अंगावर उड्या मारतो. हा त्याच्या स्वभावाचा दोष नसतो, पण त्रास मुलालाच होतो.

आजी-आजोबांचाही विचार येथेच करावा. तीस किलोचा लॅब्राडोर मांजर दिसताच पट्टा ओढू लागला की सत्तरीतल्या माणसाचा तोल जातो आणि त्या वयात खुब्याचे हाड मोडणे ही मोठी आपत्ती असते. कुत्रा निवडताना घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर व्यक्ती, दोघांनाही तो पेलला पाहिजे.

पिल्लू आणावे की मोठा कुत्रा?

मुलाबरोबर वाढलेले पिल्लू त्याला कधीच इजा करणार नाही, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे आणि बहुतेक घरांत पिल्लूच येते. ती समजूत अर्धीच खरी आहे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते ते त्याला पुढे आयुष्यभर परिचित वाटते. या काळात मुलांचा आवाज आणि त्यांची धावपळ यांची त्याला चांगली ओळख झाली तर पुढे उपयोग होतो, हे खरे. पण त्याच पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात, ते सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत हातात येईल ते चावत राहते, आणि धावणारे व किंचाळणारे मूल हे त्याच्या दृष्टीने सर्वांत आकर्षक खेळणे असते. पोटऱ्यांवर ओरखडे, फाटलेले कपडे आणि सोफ्यावर चढून बसलेले, कुत्र्याला घाबरू लागलेले मूल हे पहिल्या सहा महिन्यांत अनेक घरांत दिसते. त्यानंतर साधारण दीड वर्षापर्यंत कुत्र्याचे अडनिडे वय चालते. अंगात पूर्ण ताकद आलेली असते आणि समज अजून यायची असते.

दोन ते पाच वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. तो मुलांपाशी कसा वागतो, फटाक्यांना किती घाबरतो, ताटलीजवळ कोणी आले तर काय करतो, एकटा राहतो का, हे सगळे सांगणारे माणूस असते, विशेषतः तो एखाद्या कुटुंबात तात्पुरता सांभाळला जात असेल तर. म्हणून मूल सहा वर्षांच्या आतले असेल तर मी बहुतेक वेळा शांत, मुलांमध्ये राहिलेला मोठा कुत्रा सुचवतो. मोठा कुत्रा माणसांना लळा लावत नाही, ही भीती निराधार आहे. नव्या घरात रुळायला त्याला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात, एवढेच.

मुलांसाठी सर्वांत चांगली जात कोणती?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याला दिले जाणारे एका शब्दाचे उत्तर सर्वांत जास्त घरांना अडचणीत आणते. जातीवरून आकार, केस, अंगातील ऊर्जा आणि काही आजारांचा अंदाज बांधता येतो; समोरचा एक विशिष्ट कुत्रा मुलाने मिठी मारल्यावर काय करील, हे जातीवरून सांगता येत नाही. तरीही आपल्याकडे ज्या जाती सहज मिळतात त्यांच्याविषयी काही गोष्टी माहीत असाव्यात.

लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर हे सहसा माणसाळलेले, शिकायला तयार आणि सहनशील असतात. त्यांची लोकप्रियता उगाच नाही. पण पहिली दोन वर्षे त्यांची ऊर्जा अफाट असते, उत्साहाच्या भरात ते तीन वर्षांच्या मुलाला सहज आडवे पाडतात, केस वर्षभर गळतात, आणि व्यायाम कमी पडला की वजन वाढून खुब्याच्या सांध्यांचे दुखणे मागे लागते. ज्याचा सांधा दुखतो तो कुत्रा मुलाने पाठीवर बसण्याचा प्रयत्न केल्यावर गुरगुरणारच. बीगल आकाराने सोयीचा आणि खेळकर असतो, मात्र त्याचा लांब सुरातला आवाज शेजाऱ्यांना रात्रीही ऐकू जातो आणि एखादा वास लागला की तो हाकेला दाद देत नाही.

२००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातींनंतर पग घराघरांत पोहोचला. स्वभावाने तो मुलांसाठी खरोखर चांगला आहे. त्याचे चपटे नाक मात्र त्याला नीट श्वास घेऊ देत नाही. नागपूर, अकोला, जळगाव येथील उन्हाळ्यात मुलासोबत दुपारी खेळताना त्याला उष्माघात होऊ शकतो. शिह त्झूच्या बाबतीत केसांची रोजची निगा आणि बाहेर आलेल्या डोळ्यांना इजा होण्याचा धोका लक्षात घ्यावा. डॅक्सहुंडची पाठ लांब आणि नाजूक असते. मुलाने पोटाखाली हात घालून चुकीच्या पद्धतीने उचलले तर मणक्याला इजा होते, आणि दुखावलेला डॅक्सहुंड चावायला मागेपुढे पाहत नाही. ज्याला आपण पॉमेरेनियन म्हणतो तो बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असतो. हवामानाला तो उत्तम जुळवून घेतो, पण अनेक स्पिट्झ एकाच माणसाचे होऊन राहतात आणि लहान मुलांची ओढाताण त्यांना मुळीच खपत नाही. लहान आकाराचा कुत्रा लहान मुलासाठी सुरक्षित असतो, हे गृहीत धरू नये.

जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर हे अनुभवी हातांत उत्तम कुत्रे आहेत. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या आणि लहान मूल असलेल्या घरात मी ते सुचवत नाही. रॉटवायलर आणि पिटबुलसह २३ जातींवर बंदी आणण्याचे पत्र केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पाठवले होते आणि एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. कायद्याचे पुढे काहीही होवो, चाळीस किलोच्या ताकदवान कुत्र्याकडून एकदाच चूक झाली तरी मुलाला होणारी इजा फार मोठी असते, हा हिशेब बदलत नाही. सायबेरियन हस्की आणि सेंट बर्नार्ड आपल्या हवामानात आणू नयेत.

लातूर-सोलापूर पट्ट्यातील कारवान आणि त्याचाच भाऊबंद असलेला कर्नाटकातील मुधोळ यांच्याविषयी मराठी घरांत अभिमान असतो, तो रास्तही आहे. हे शिकारी, वेगाने धावणारे, घरात शांत बसणारे कुत्रे आहेत. मोकळ्या रानात धावायला मिळणे ही त्यांची गरज असते आणि अनोळखी हातांनी अंगचटीला आलेले त्यांना आवडत नाही. गावाकडे शेत असेल आणि मूल आठ-दहा वर्षांचे असेल तर विचार करावा.

गावठी कुत्रा लहान मुलांजवळ विश्वासाचा असतो का?

असतो, आणि शहरातील फ्लॅटसाठी अनेकदा तोच सर्वांत योग्य ठरतो. मध्यम आकार, आखूड केस, उन्हापावसाला जुळवून घेणारे शरीर, जातिवंत कुत्र्यांत आढळणाऱ्या अनेक आनुवंशिक दुखण्यांपासून बऱ्याच अंशी मुक्तता आणि चांगली निगा राखल्यास बारा ते पंधरा वर्षांचे आयुष्य, हे त्याचे गुण आहेत. तो सावध असतो, त्यामुळे अनोळखी माणसावर भुंकेल. आणि रस्त्यावर त्रास सोसलेला कुत्रा काठी, झाडू किंवा धावत्या मुलांना घाबरत असू शकतो. म्हणून रस्त्यावरून थेट उचलून मुलाच्या खोलीत आणण्याऐवजी काही आठवडे एखाद्या घरात राहिलेला कुत्रा घ्यावा. मुंबईत वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज आणि परळचे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, पुण्यात रेस्क्यू आणि ब्लू क्रॉस, गोव्यात आसगाव येथील इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू अशा संस्था या क्षेत्रात काम करतात. घरात लहान मूल आहे हे अशा ठिकाणी पहिल्याच भेटीत सांगावे. ते ऐकून एखादा कुत्रा देण्यास कोणी नकार दिला तर राग मानू नये, त्यांना त्या कुत्र्याविषयी आपल्यापेक्षा अधिक माहिती असते.

नर की मादी?

लहान मुलांशी वागण्यात या दोहोंमध्ये निवड करण्याइतका फरक नसतो. नसबंदी मात्र करून घ्यावी. तिचे योग्य वय कुत्र्याच्या आकारावर अवलंबून असते आणि ते पशुवैद्यांनी ठरवावे.

कुत्रा पाहायला गेल्यावर नेमके काय पाहावे?

पहिल्या भेटीला मुलाला नेऊ नये. मूल सोबत असले की निर्णय तेथेच होऊन जातो आणि तो मोठ्या माणसांनी घेतलेला नसतो.

पिल्लू असेल तर त्याची आई पाहण्याचा आग्रह धरावा. भेकड किंवा अंगावर येणाऱ्या आईच्या पिल्लांत तो स्वभाव उतरण्याची शक्यता बरीच असते. "आई येथे नाही" असे उत्तर मिळाले तर तेथून पिल्लू घेऊ नये. चार-पाच पिल्लांतले जे सर्वांच्या आधी धावत येऊन बुटाची नाडी ओढते ते फार धीट असते, कोपऱ्यात अंग चोरून बसलेले फार भित्रे असते. लहान मुलाच्या घराला मधले पिल्लू बरे. त्याला मांडीवर घेऊन पंजे, कान, शेपटी यांना हळूच हात लावावा. थोडी चुळबुळ करून ते स्वस्थ झाले तर चांगले. थोड्या अंतरावर स्टीलचा चमचा फरशीवर पाडावा: दचकणे स्वाभाविक आहे, पण काही क्षणांत सावरून जे पिल्लू आवाजाच्या दिशेने चौकशी करायला जाते ते भांड्यांचा आणि रडण्याचा गोंगाट असलेल्या घरात टिकेल.

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत त्याचे शरीर पाहावे. सैल अंग, मऊ डोळे, आपणहून जवळ येऊन टेकणे ही चांगली खूण आहे. त्याला छातीपाशी किंवा खांद्यावर दोन-तीन सेकंद खाजवून हात काढून घ्यावा. तो पुन्हा जवळ सरकला तर त्याला स्पर्श हवा आहे. तोंड फिरवून बाजूला गेला तर त्याने नम्रपणे नकार दिला आहे. जो कुत्रा मोठ्यांचा स्पर्श जेमतेम सहन करतो तो मुलाचा करणार नाही. मोबाइलवर लहान मुलाच्या रडण्याचा आवाज हळू लावून पाहावा. अंग ताठरणे, एकटक पाहत राहणे किंवा लपायला पळणे यांपैकी काहीही दिसले तर तो कुत्रा इतर घरासाठी चांगला असेल, आपल्यासाठी नाही. त्याला सांभाळणाऱ्याला तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत: हा मुलांसोबत प्रत्यक्ष राहिला आहे का, खाताना किंवा झोपेत असताना कोणी जवळ गेले तर काय करतो, आणि आजवर कोणावर दात उगारले आहेत का.

मुलाची भेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी, शक्यतो मोकळ्या जागेत करावी. शक्य असेल तर दोन आठवडे तात्पुरते सांभाळण्याची परवानगी मागावी. चांगल्या संस्था बहुधा ती आनंदाने देतात.

पिल्लू विकत घ्यायचे असेल तर कायदा काय सांगतो?

श्वानप्रजनन आणि विक्रीविषयीचे नियम २०१७ पासून लागू आहेत. त्यांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ही आठ आठवड्यांची अट आपल्या मुलासाठीही महत्त्वाची आहे: आई आणि भावंडांबरोबर खेळताना "एवढ्या जोरात चावले की खेळ थांबतो" हे पिल्लू याच काळात शिकते. तीस-पस्तीस दिवसांचे पिल्लू गाडीच्या डिकीतून आणून देणाऱ्याकडून ते दया येऊनही घेऊ नये, कारण त्या पैशांवर पुढची वेत काढली जाते.

सोसायटी कुत्रा पाळण्यास मनाई करू शकते का?

नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टचा वापरही नाकारता येत नाही. त्याचबरोबर सार्वजनिक जागेत कुत्र्याला पट्टा लावणे, त्याची शी उचलणे आणि दरवर्षी रेबीजची लस देणे हे आपले कर्तव्य आहे. मुंबई, पुणे यांसारख्या महानगरपालिकांच्या क्षेत्रात कुत्र्याचा परवानाही काढावा लागतो. भाड्याच्या घरात मालकाची संमती लेखी घेऊन ठेवावी.

आमचे घर शाकाहारी आहे. चालेल का?

चालू शकते, पण दूध-पोळीवर नाही. दूध-पोळी, वरण-भात किंवा बिस्किटे यांवर वाढलेल्या पिल्लाला पुरेसे प्रथिन आणि योग्य प्रमाणात कॅल्शियम मिळत नाही, आणि वाढत्या वयात त्याची हाडे कमकुवत राहतात. मांजराला मांस अनिवार्य असते, तसे ते कुत्र्याला नसते. अंडी, पनीर, दही, डाळी यांचा आहार पशुवैद्यांच्या सल्ल्याने बसवता येतो आणि समतोल शाकाहारी तयार खाद्यही मिळते. मांस असलेले कोरडे तयार खाद्य घरात चालणार आहे का, हे कुत्रा आणण्याआधी आजी-आजोबांशी बोलून ठरवावे. नंतरचा वाद कुत्र्याच्या पोटावर येतो.

मूल ज्या घरात खाली सांडत जेवते तेथे आणखी एक काळजी लागते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यासाठी विषारी असतात, तेव्हा शिऱ्यातले बेदाणे किंवा मुलाच्या हातातले चॉकलेट त्याच्यापर्यंत पोहोचता कामा नये. शिजवलेली हाडेही देऊ नयेत. ती फुटून आतड्यात रुततात.

मुलाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर?

आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. ॲलर्जी न होणारी कुत्र्याची जात अस्तित्वात नाही. ॲलर्जी कुत्र्याच्या लाळेतील आणि त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांमुळे होते, त्यामुळे केस न गळणारा कुत्राही ती देऊ शकतो. स्वीडनमध्ये सहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आयुष्याच्या पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांमध्ये शालेय वयात दम्याचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळला होता. परंतु ज्या मुलाला आधीच दमा आहे किंवा कुत्र्याची ॲलर्जी सिद्ध झाली आहे, त्याला तो निष्कर्ष लागू करू नये. शंका असल्यास कुत्रा असलेल्या नातेवाइकांच्या घरी मुलाला काही वेळा दोन-तीन तास नेऊन पाहावे.

कुत्र्यापासून मुलाला कोणते आजार होऊ शकतात?

रोजच्या जीवनात सर्वांत जास्त संबंध जंतांशी येतो. पिल्लांच्या पोटात गोल जंत बहुधा असतातच. त्यांची अंडी शीबरोबर बाहेर पडतात, मातीत काही आठवड्यांनी संसर्गक्षम होतात आणि मातीत खेळलेल्या मुलाच्या हातातून तोंडात जातात. क्वचित त्यांच्या अळ्या यकृतापर्यंत किंवा डोळ्यापर्यंत पोहोचतात. उपाय सोपा आहे: पिल्लाला पशुवैद्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याने आणि सहा महिन्यांनंतर साधारण दर तीन महिन्यांनी जंतांचे औषध द्यावे, शी त्याच दिवशी उचलावी आणि जेवणाआधी मुलाचे हात साबणाने धुवावेत.

गोचिडांचा त्रास महाराष्ट्रात जवळजवळ वर्षभर असतो. त्यांच्यामुळे कुत्र्याला होणारा ताप जीवघेणा ठरू शकतो, म्हणून प्रतिबंधक औषध नियमित द्यावे. ते अंगावर लावण्याचे असेल तर पूर्ण वाळेपर्यंत मुलाला कुत्र्याजवळ जाऊ देऊ नये आणि औषधाची बाटली मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या लघवीमुळे लेप्टोस्पायरोसिस पसरतो, त्यामुळे कुत्र्याच्या लसींमध्ये त्याची लस आहे याची खात्री करावी. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी चार महिन्यांच्या वयापर्यंत चालतात. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी दिली जाते. खर्चाची चिंता असेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये उपयोगी पडतात.

घरात पाळीव प्राणी असलेल्या मुलांना आधीच रेबीजची लस देऊन ठेवण्याचा पर्याय भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या शिफारशींमध्ये आहे. आपल्या डॉक्टरांशी त्याविषयी अवश्य बोलावे.

घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याचा दात किंवा नख लागले तर?

जखम लहान असली तरी वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि कुत्र्याच्या लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवले जाते; मात्र ते दहा दिवस संपण्याची वाट पाहत मुलाची लस थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. लसीचे डोस दंडाच्या स्नायूत दिले तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, त्वचेत दिले तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. रक्त आलेल्या जखमेत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिनही (लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत संरक्षण देणारी तयार प्रतिपिंडे) लागते आणि ते जखमेतच भरले जाते. सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जण पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई रागावेल म्हणून मूल ओरखडा लपवू शकते. त्यामुळे "कुत्र्याचे काहीही लागले तरी मला सांग, मी कोणालाच रागावणार नाही" हे मुलाला कुत्रा घरी येण्याआधीच सांगून ठेवावे.

मूल आणि कुत्रा यांना एकत्र कधी सोडावे?

मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत प्रौढ व्यक्ती त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर आणि मोबाइलमध्ये न गुंतलेली असल्याशिवाय कधीही नाही. फोडणी द्यायला स्वयंपाकघरात जायचे असेल तर दोघांपैकी एकाला सोबत घ्यावे किंवा मध्ये दाराला जाळीचे फाटक लावावे. हा नियम कुत्र्यावरील अविश्वासातून आलेला नाही. लहान मुलांना होणारे बहुतेक चावे ओळखीच्या कुत्र्यांचे असतात, आणि ते बहुधा कोणी पाहत नसताना घडतात.

कुत्रा चावण्याआधी बराच वेळ बोलत असतो. झोप आलेली नसताना जांभई देणे, जीभ नाकावरून फिरवणे, मान वळवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, शेपूट पायांत घेणे आणि शेवटी एकदम स्तब्ध होणे, या क्रमाने त्याची अस्वस्थता वाढत जाते. मुलाने गळ्यात हात घातलेला आणि कुत्रा तोंड फिरवून बसलेला, असे फोटो आपण कौतुकाने पाठवतो. ते पुन्हा एकदा नीट पाहावेत. हलणारी शेपूट म्हणजे नेहमीच आनंद, असेही नसते. अंग ताठ आणि शेपूट उंच, आखडलेली असेल तर मुलाला शांतपणे दूर घ्यावे.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नये. गुरगुरणे ही त्याची शेवटची सूचना असते. ती शिक्षेने बंद पाडली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. त्या क्षणी मुलाला दूर करावे, कारण शोधावे आणि पशुवैद्यांना दाखवावे, कारण कान किंवा दात दुखत असलेला शांत कुत्राही असा वागतो.

मुलाला शिकवायचे नियम थोडेच असावेत आणि घरातील सर्वांनी ते पाळावेत. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि आपल्या जागेवर गेलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही, पाठीवर बसायचे नाही. तो आपणहून आला तरच हात लावायचा, तेही छातीवर किंवा खांद्यावर, डोक्यावरून नाही. अनोळखी कुत्रा धावत आला तर हात जवळ घेऊन झाडासारखे उभे राहायचे आणि पळायचे नाही. कुत्र्यालाही एक जागा द्यावी जेथे मूल कधीही जाणार नाही. बाल्कनीतील उन्हाची जागा त्यासाठी वापरू नये.

मुलाला जबाबदारी शिकवण्यासाठी कुत्रा आणणे योग्य आहे का?

केवळ त्या हेतूने नाही. पाच वर्षांचे मूल पाण्याचे भांडे भरेल, ब्रश आणून देईल, मोठ्यांच्या देखरेखीखाली "बस" म्हणायला शिकेल. त्याला त्यातून खूप काही मिळते. आठ-नऊ वर्षांचे मूल फिरायला सोबत येईल, पण पट्टा मोठ्यांच्या हातात असावा, कारण खाली भटक्या कुत्र्यांचा घोळका आला तर पाळीव कुत्रा आणि मूल दोघेही एकदम अडचणीत येतात. आज तीन वर्षांचे असलेले मूल दहावीत जाईल तेव्हा हा कुत्रा म्हातारा झालेला असेल. त्या सगळ्या वर्षांची जबाबदारी आईवडिलांनी आपली म्हणून घेतली असेल, तरच मुलाला ती जवळून पाहता येते.

कुत्रा कधी घरी आणावा?

दिवाळीत किंवा मुलाच्या वाढदिवशी आणू नये. फटाके, पाहुणे आणि गोंधळ यांत आलेला कुत्रा पहिल्याच आठवड्यात घाबरायला शिकतो. घरातील एका प्रौढ व्यक्तीला आठ-दहा दिवस रजा मिळेल असा साधा काळ निवडावा. विदर्भ-मराठवाड्यात ऐन मे महिनाही टाळावा. पहिले दोन-तीन दिवस मुलाच्या मित्रांना घरी बोलावू नये.

सगळे करूनही जमले नाही तर?

आधी प्रयत्न करावा: पशुवैद्यांची तपासणी, मारहाणीशिवाय शिकवणारा प्रशिक्षक, आणि दरम्यान मूल व कुत्रा यांच्यात जाळीचे फाटक. अनेक अडचणी सहा-आठ आठवड्यांत सुटतात. परंतु कुत्र्याने मुलावर पुन्हा पुन्हा दात उगारले, किंवा मूल स्वतःच्या घरात घाबरून वावरू लागले, तर त्या कुत्र्यासाठी मुले नसलेले घर शोधणे हा योग्य निर्णय आहे आणि तो लवकर घ्यावा. ज्या संस्थेकडून किंवा कुटुंबाकडून कुत्रा घेतला त्यांना सर्वप्रथम कळवावे. बहुतेक संस्थांच्या करारात तशी अटच असते. नव्या घराला त्याच्याविषयी काहीही न लपवता सांगावे, चाव्याचा प्रसंग असेल तर तोही. पाळलेल्या कुत्र्याला रस्त्यावर सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. घरात वाढलेला कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दीत आणि वाहनांच्या गर्दीत क्वचितच तग धरतो. मुलाला तो "शेतावर गेला" असे खोटे सांगू नये. त्याला येथे त्रास होत होता, म्हणून त्याच्यासाठी शांत घर शोधले, हे चार वर्षांच्या मुलालाही समजते, आणि शक्य असल्यास त्या घरी एकदा नेऊन त्याला भेटवून आणावे.